शिट्टीमास्तरांची भागूबाई

शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या या गृहस्थांना पोरं शिट्टीमास्तर म्हणत. गळ्यात शिट्टी, पोटावर ताणलेला टी-शर्ट आणि तोंडात अखंड एकच शब्द, कणखर. स्वतः मात्र मुख्याध्यापिकाबाई समोरून आल्या की शिट्टी मुठीत लपवून भिंतीला चिकटत. वीस पावलं पळाले की धाप लागे, म्हणून आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनाच पळवलं. जो पोरगा बिचकेल त्याचं सगळ्यांसमोर बारसं करायचं, ही त्यांची शिकवण्याची रीत. पोरं हसली की गडी खूश.

त्यांचा धाकटा मुलगा त्याच शाळेत. व्यायामाच्या उंच लाकडी घोड्यावरून उडी मारताना तो बिचकला, तेव्हा मास्तर मैदानभर ओरडले, "काय रे भागूबाई!" बापानंच परवानगी दिल्यावर वर्ग कशाला मागे राहतोय? डब्यावर भागूबाई, बाकावर भागूबाई. शेवटी एक दिवस पोरानं शाळेची पायरी चढायचंच सोडलं.

"नाटकं आहेत सगळी," मास्तर म्हणाले. बायकोनं त्यांना विचारलंच नाही. ती पोराला घेऊन सरळ समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली.

पुढे बाईंनी मास्तरांनाही बोलावलं. मास्तर खुर्चीत ऐसपैस बसले, जणू तपासणीलाच आले होते. बायको शेजारच्या खुर्चीत होती, पोरगा बाहेरच्या खोलीत.

"तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त चिडवणारा मुलगाही माझ्याकडे येतो," बाई म्हणाल्या. "त्याच्या आईच्या परवानगीनंच सांगतेय. बोटं रक्त येईपर्यंत कुरतडतो. ते नाव दुसऱ्याला चिकटलेलं राहिलं नाही तर आपल्याला चिकटेल, या धास्तीनं तो ओरडतो."

"म्हणजे आता दांडगोबांचेही लाड?" मास्तर खो खो हसले. खोलीत दुसरं कोणी हसलं नाही. त्याची त्यांना सवय नव्हती.

बाईंनी शांतपणे पुढचं सांगितलं. भीती बोलण्यानं पळत नाही, थोडी थोडी अंगावर घ्यावी लागते. चिडवणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, ते मुलानं आईबरोबर घोटलंय. आज सरावासाठी बाबांनी चिडवणारा व्हायचं. "जमेल ना सर?"

"अहो, त्यात काय!" मास्तरांनी हात चोळले. या एका कामाची तयारी त्यांना करावी लागणार नव्हती.

दार उघडून पोरगा आत आला. अजून धड बसलाही नव्हता.

"या, भागूबाई, या!" मास्तर म्हणाले.

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. आवाज फाटला, पण निघाला. "मला त्या नावानं हाक मारायची नाही. मला ते आवडत नाही."

"शाब्बास!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "पाहिलंत बाई? पहिल्याच फटक्यात! काय झकास वठवलं!"

"सर," बाई म्हणाल्या, "आपण अजून सुरू केलं नव्हतं."

मास्तरांचा हात मांडीवरच राहिला. पोरानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो आईजवळ जाऊन उभा राहिला.

"आई, वर्गातल्यांना मी सांगू शकेन असं वाटतंय. उद्या जातो मी शाळेत." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण मैदानावर बाबाच असणार का?"