पत्ता वाचणारी

कुठलंही पान उघडलं की ती आधी पेन्सिलीचं मागचं टोक स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर टेकवायची. "पयले पत्ता वाचजो, मंग बोलजो."

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावातल्या दोन खोल्यांतून आमची संस्था मजुरांच्या हक्कांची पत्रकं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत वेबसाइटवर टाकायची. मी लिहायचो, ती वेबसाइट सांभाळायची. पण आलेला प्रत्येक जण आधी तिच्या खुर्चीकडे वळायचा. असा सहकारी तुम्हीही सोसला असेल.

प्रत्येक पानाच्या पत्त्यात तिनं भाषेची खूण घातली होती: हिंदीला एचआय, इंग्रजीला ईएन, मराठीला एमआर. बैठकीत मी पेटलो. वर्ध्यात मराठीला ओळखपत्र कशाला? मराठीचा पत्ता मोकळा हवा. चार पानी निवेदनच वाचलं.

तिनं ऐकून घेतलं. "लेखक, एकटीले खूण नाई म्हणजे ते मालकीण झाली, अन् बाकीच्या पाहुण्या. सगळ्याइले सारखं ठेवू."

समतेवर मी गठ्ठ्यांनी पत्रकं लिहिलीत. हे वाक्य मला सुचलं नव्हतं. अजून सलतं.

मग कापूस वेचणाऱ्या बायांसाठीचं पत्रक छापताना मी हट्टानं पत्त्यातली खूण गाळली. आंजी गावात पत्रकं वाटली. एका बाईनं तिथंच मोबाइलवर पत्ता टाकला. खूण नसली की पान फोनची भाषा बघून उघडायचं, आणि तिचा फोन दुकानातून आला तसा इंग्रजीतच होता. समोर इंग्रजी पान आलं. बाईनं पत्रक माझ्या हातात परत दिलं. "हे आमच्यासाठी नसन, भाऊ."

उरलेला गठ्ठा मी टेबलाखाली सरकवला. कुणाजवळ बोललो नाही.

पुढच्या महिन्यात ती पुण्याला नोकरीवर गेली. निरोपाला सगळे रडले. मी आलूबोंडे वाटले.

परवा तो गठ्ठा बाहेर काढला. वरच्या पत्रकावर, पत्त्याखाली, पेन्सिलीची बारीक रेघ. मी फोनची भाषा इंग्रजी केली आणि तोच पत्ता टाकला. मराठी पान उघडलं. तेवढ्या एका पत्त्याला तिनं मराठीची वाट करून दिली होती. वेबसाइटच्या कामाच्या नोंदीत तिनं लिहिलं होतं: 'लेखकाच्या पत्रकासाठी. गठ्ठा वाया जाऊ नये.'

माझ्या चार पानांपेक्षा ही ओळ चांगली आहे, हे मी रागानंच कबूल करतो.

उद्या गठ्ठा घेऊन आंजीला जातोय. रेघेचं पत्रक त्या बाईसाठी वर ठेवलंय. बांधण्याआधी पत्ता वाचला. दोनदा.