धूर न करणारं स्थळ

माझ्या घरमालकीण काकूंनी लाकडाचा एक स्टोव्ह निवडायला जेवढं जग पालथं घातलं, तेवढं लोक पोटच्या मुलीसाठी नवरा शोधतानाही घालत नसतील. हे मी वाढवून सांगत नाही. म्हणजे थोडं वाढवून सांगत असेन, पण ज्यांनी काकूंना पाहिलं आहे ते मला खोटं ठरवणार नाहीत. हा स्टोव्ह म्हणजे आपल्याकडचा रॉकेलचा नव्हे. चार पायांवर उभी असलेली, समोर काचेचं दार असलेली ती एक लोखंडी पेटी असते. आत लाकूड जाळायचं, धूर नळातून छपरावर जातो आणि खोली उबदार राहते. आम्ही राहतो ते अमेरिकेतल्या युटा राज्यातलं एक खोरं आहे. दोन्ही बाजूंना डोंगर. हिवाळ्यात थंड हवा तळाशी अडकते आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसं वर काहीतरी बसतं. मग गाड्यांचा आणि घरांचा सगळा धूर दिवसेंदिवस इथेच घुटमळत राहतो. म्हणून इथे वाटेल तो स्टोव्ह बसवता येत नाही. कमी धूर करणारा, तपासून पास झालेलाच लागतो, आणि हवा वाईट असेल त्या दिवशी तोही पेटवायला बंदी. एवढा साधा नियम. पण काकूंच्या हातात पडल्यावर कुठलीच गोष्ट साधी राहत नसे.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. परभणीकडच्या एका खेड्यातून थेट इथे एम.एस.ला आले, तेव्हा कुणाशी काय बोलावं आणि किती बोलावं याचीच मला धास्ती असायची. काकूंच्या तळघरातली खोली भाड्याने आहे असं कळलं म्हणून भीत भीत गेले, तर दार उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुला चूल पेटवता येते का?" मी म्हटलं, "येते." काकू म्हणाल्या, "फुंकणीशिवाय?" मी म्हटलं, "हो, पण वेळ लागतो." त्यावर त्यांनी मला आत घेतलं. नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

काका त्याच वर्षीच्या वसंतात गेले होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला माहीत होते ते काका म्हणजे हॉलमधला लोकरी टोपीतला एक फोटो आणि मागच्या अंगणात कुंपणालगत रचलेली एक लांबच लांब रास. अंगणातलं जर्दाळूचं मोठं झाड वाऱ्यात पडलं होतं. काकांनी त्याचे ओंडके करून घेतले आणि आख्खा उन्हाळा रोज संध्याकाळी ते कुऱ्हाडीने फोडत बसले. रिटायर झाल्यावर खऱ्या आगीसमोर पाय पसरून बसायचं, ही त्यांची एकमेव हौस. पुढच्या हिवाळ्यात खोऱ्यावर झाकण बसलं तेव्हा त्यांची छाती भरली, आणि बर्फ वितळता वितळता ते गेले. स्टोव्ह घ्यायचा राहूनच गेला. आल्या आल्या मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, "काकू, लाकडं किती छान रचलीत." काकूंचा चेहरा एकदम बदलला. "लाकडं मसणात असतात," त्या म्हणाल्या, "घरात असतं ते सरपण." मी त्या दिवसापासून सरपणच म्हणत आले.

शनिवार हा आमचा स्थळं बघायचा वार. 'स्थळ' हा शब्द काकूंचाच. दुपारची झोप झाली की त्या चांगली साडी नेसत, वर जाडजूड कोट घालत आणि मला शेजारी बसवून हायवेवरून इतक्या हळू गाडी चालवत की मागचे लोक हॉर्न वाजवायचंही विसरून नुसते बघत राहायचे. दुकानात गेल्यावर त्या एका खुर्चीवर बसत आणि समोरच्या स्टोव्हकडे आधी नुसत्या पाहत. मग म्हणत, "उंची बरी आहे. पाय बारीक आहेत." मग मला फर्मान सुटे, "पत्रिका बघ." पत्रिका म्हणजे मागच्या बाजूला लावलेली पट्टी. तिच्यावर तासाला किती ग्रॅम धूर होतो ते लिहिलेलं असतं. धूर ग्रॅममध्ये मोजतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे धूर डोळ्यांनी मोजतात. मी आकडा वाचून दाखवला की काकू तोंडातल्या तोंडात गुण जुळवत. दुकानाचा मालक हा छातीपर्यंत दाढी असलेला, फार सोशिक गृहस्थ होता. त्याने एकदा त्यांना आत जाळी बसवलेला स्टोव्ह दाखवला आणि समजावलं की ही जाळी तापली की बाहेर जाणारा धूरच पुन्हा जाळून टाकते. काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बघ, स्वतःचा धूर स्वतः गिळतो. असा नवरा कुणाला मिळतो गं?" मला वाटलं, जमलं. पण जाळी काही वर्षांनी बदलावी लागते हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. "म्हणजे पथ्यपाण्याचा माणूस आहे. नको. आणखी दोन बघू."

मग त्यांच्या डोक्यात आलं की दुकानात सगळेच गुणी दिसतात, खरं काय ते सासरी गेल्यावर कळतं. त्यांनी दाढीवाल्याला विचारलं, "हा ज्यांच्या घरी दिलाय, त्यांच्याकडे जाऊन बघता येईल का?" त्या बिचाऱ्याने खरोखरच एका रिटायर्ड शिक्षक जोडप्याला फोन लावला. आम्ही त्यांच्याकडे गेलो, काकूंनी बेसनाचे लाडू नेले, कॉफी झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. उठायच्या वेळी काकूंनी त्या बाईंना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, "खरं सांगा, धूर करतो का?" मुलगा पितो का, हे आमच्याकडे ज्या आवाजात विचारतात, अगदी त्याच आवाजात. त्या बाईही तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या, "सुरुवातीला थोडा. मग अजिबात नाही." काकू गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "सुरुवातीला थोडा करतो म्हणे. म्हणजे करतो."

या सगळ्यात त्यांनी सरपणाची ओल मोजायचं एक यंत्र आणलं. दोन टोकदार सुया असलेलं, टीव्हीच्या रिमोटएवढं. सुया लाकडात खुपसल्या की आत किती टक्के पाणी आहे ते दिसतं, कारण सगळा धूर होतो तो ओल्या लाकडाचा. त्या रोज सकाळी कुंपणापाशी जाऊन एकेका ढलपीची नाडी बघत. मग ते यंत्र घरभर फिरू लागलं. तुळशीच्या कुंडीत, धिरड्याच्या पिठात, एकदा माझ्या भाकरीत. "तुझी भाकरी अजून ओली आहे पोरी, भाजून घे," असं त्यांनी आकडा बघून सांगितलं, आणि ते बरोबर होतं. आणि दुसरं म्हणजे हवेचा रंग. इथे रोज फोनवर कळतं: हिरवा म्हणजे पेटवा, पिवळा म्हणजे शक्यतो नको, लाल म्हणजे बंदी. घरात अजून स्टोव्हच नव्हता, तरी काकू चहाच्या आधी पंचांग वाचावं तसा रंग वाचत आणि जिन्यावरून खाली मला ओरडून सांगत, "आज लाल गं!" मी खालून "बरं काकू" म्हणायची. कुणाला पेटवायचं होतं कुणास ठाऊक.

असा दुसरा हिवाळाही अर्धा सरला. मग एका रविवारी टेक्ससमधल्या प्लेनोहून त्यांच्या मुलीचा, मनूताईचा, व्हिडिओ कॉल आला. मी पोळ्या लाटत होते, त्यामुळे उठून जाताही येईना. मनूताई म्हणाली, "आई, मी आता सीरियसली बोलतेय. घर विकायला लिस्ट करू या. मेपर्यंत तू इकडे यायचंस." काकू म्हणाल्या, "बघू. अजून स्टोव्ह व्हायचाय." मनूताई हसली नाही. "आई, टेक्ससमध्ये कोण स्टोव्ह लावतं? इथे थंडी तरी असते का? आणि त्या मागच्या लाकडांचं टेन्शन घेऊ नकोस, मी ट्रकवाल्याला सांगते, तो सगळं उचलून नेईल." काकू म्हणाल्या, "नेईल कुठे?" "अगं, डंप करेल कुठेतरी." काकूंनी खिडकीतून मागच्या राशीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे घेऊन येऊ का?" मनूताई हळू आवाजात म्हणाली, "आई, असं सरपण लांब न्यायचं नसतं. त्यातून कीड जाते झाडांना. बाबांनीच सांगितलं होतं मला." ती बाबांचं नाव काढेल असं दोघींनाही वाटलं नसावं. काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि पोळी भाजायला घेतली.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा दुकानात गेलो आणि पुन्हा काही न घेता निघालो. परतताना मी धीर करून विचारलं. मला असं विचारणं जमत नाही, पण मेपर्यंत आता किती हिरवे दिवस मिळणार, हा हिशोब माझ्याही डोक्यात घोळत होता. म्हटलं, "काकू, एवढी स्थळं बघितली. एकही पसंत पडलं नाही?" काकू रस्त्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "पसंत कधीच पडलंय गं. पण पसंत पडलं की पाठवणी करावी लागते." गाडी तेवढ्याच हळू चालली होती. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

सोमवारी त्यांनी फोन करून तोच जाळीवाला स्टोव्ह सांगितला. पथ्यपाण्याचा. दोन माणसं आली, नळ बसवला, तपासणी झाली. पहिल्या हिरव्या दिवशी काकूंनी स्टोव्हला हळदकुंकू लावलं आणि वरच्या सपाट लोखंडावर दुधाचं छोटं पातेलं ठेवलं. नव्या घरात दूध उतू घालवतात ना, तसं. आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही की ते लोखंड गॅससारखं कमी-जास्त करता येत नाही. दूध उतू गेलं आणि जातच राहिलं. लाल तापलेल्या लोखंडावर ते करपलं, आणि धूर न करणारा स्टोव्ह दोन हिवाळे शोधलेल्या घरात असा धूर कोंदला की वरचे खालचे सगळे अलार्म एकदम किंचाळायला लागले. मी दारं उघडत होते, काकू पदराने अलार्मला वारा घालत होत्या आणि इतक्या हसत होत्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मी त्यांना तशा हसताना तेव्हाच पाहिलं.

पण त्या दिवशी आत जळत होती ती पेट्रोल पंपावर मिळणारी, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली सरपणाची मोळी. त्यानंतरही तेच. हिरवा दिवस आला की काकू गाडी काढत, पंपावर जात आणि मोळी घेऊन येत. मागे कुंपणाला आख्खं झाड रचलेलं, आणि आम्ही विकतचं जाळतोय. मी एकदा यंत्र लावून बघितलं. सरपण पापडासारखं वाळलेलं होतं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "आतून ओलं असेल."

मग मार्चमध्ये बर्फ पडून गेल्यावर एका सकाळी हवा अगदी धुतल्यासारखी झाली. काकूंनी रंग ओरडून सांगितला नाही. त्या खाली माझ्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "ट्रक पुढच्या आठवड्यात बोलावलाय मनूने. चल." आम्ही दोघींनी राशीच्या एका टोकाचं कवेत मावेल एवढं सरपण आत आणलं. काकूंनी पातळ ढलप्या खाली लावल्या, वर एक जाड ठेवली. काडी ओढायला मला सांगतील असं वाटलं होतं, पण त्यांनी स्वतःच ओढली. जर्दाळूच्या लाकडाला जळताना गोडसर वास येतो, हे मला माहीत नव्हतं. काकू काचेसमोर जमिनीवर बसल्या. मी आणखी चार आणायला बाहेर गेले, आणि आत आले तरी त्या तशाच बसलेल्या होत्या. आच चांगली धरल्यावर त्या एकदम उठल्या, चपला न घालता मागच्या दारातून अंगणात गेल्या आणि मान वर करून छपराकडे बघायला लागल्या.

मी त्यांच्या चपला घेऊन मागोमाग गेले. नळाच्या तोंडाशी काहीही नव्हतं. नुसती हवा थरथरल्यासारखी दिसत होती, आणि मागे निळं आकाश.

"फारच चांगलं स्थळ निघालं," काकू म्हणाल्या. मग बोलू लागल्या. "ह्यांना नेलं ना, तेव्हा भट्टीचं बटण मनूने दाबलं. मला आत बसवेना, मी बाहेर आले. वर बघत उभी राहिले. काहीच दिसेना. तिथल्या माणसाला विचारलं, कधी सुरू करणार? तो म्हणाला, मॅम, केव्हाच सुरू झालंय." त्यांनी चपला पायात घातल्या, पण नजर वरच होती. "काहीतरी दिसायला हवं होतं गं. थोडंसं."

मी म्हटलं, "काकू, आत्ता आला होता. सुरुवातीला."

"काय?"

"धूर. तुम्ही आत बसला होता तेव्हा. मी बाहेर आले होते ना सरपण घ्यायला. बारीकसा आला होता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलते आहे का ते त्या बघत होत्या. मी खोटं बोलत नव्हते.

"कसा होता? काळा?"

"नाही. निळसर."

"कुठे गेला?"

मी पूर्वेच्या डोंगराकडे हात केला. काकू त्या बाजूला बराच वेळ बघत राहिल्या. डोंगरावरच्या नव्या बर्फावर ऊन आलं होतं.

"निळसर म्हणजे नीट वाळलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "उन्हाच्या तोंडाला रचलं होतं त्यांनी. मी आपली सावलीत रचा, सावलीत रचा म्हणत होते."