फेफऱ्याचे डॉक्टर आणि चांदीची वाटी

चिंचवडच्या डॉक्टरांनी मला फसवले. चांदी माझी गेली आणि सौदा जिंकले ते. त्यांच्यासारखा साळसूद लबाड या पंचक्रोशीत झाला नाही, आणि हे मी सांगतो आहे, गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाव ठरवणारा चपलांचा दुकानदार.

पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि बाकीचे डॉक्टर त्या औषधाच्या कौतुकात बुडाले होते. आमच्या डॉक्टरांना मात्र फेफऱ्याने झपाटले होते. देहूपासून चाकणपर्यंत कुणाला फिट आली असे कानावर आले, की समोरच्या रोग्याची बाहेर काढलेली जीभ तशीच सोडून ते सायकलवर टांग टाकत. फिट आलेल्याला चप्पल हुंगवायची आपल्याकडे रीत, तर यांनी त्या रीतीचीच परीक्षा मांडली. संशोधनासाठी म्हणून माझ्याच दुकानातून कोल्हापुरी, बूट, सपाता घेऊन जात आणि परत आणून ठेवताना म्हणत, "वापरलेल्या नाहीत, नुसत्या हुंगलेल्या आहेत." पुनावळ्याच्या एका म्हाताऱ्याने त्यांना अडवले. "डाक्टर, पायताण हुंगवलं की मानूस उठतंय. आमी डोळ्यानं पाह्यलंय." हातातले घड्याळ दाखवत डॉक्टर म्हणाले, "न हुंगवताही तेवढ्याच वेळात उठतो." म्हातारा म्हणाला, "मग हुंगवाया काय जातंय?" त्यावर डॉक्टर आठवडाभर चिडलेले होते.

माझी धाकटी बहीण शांता, तिला लहानपणापासून फिट येत असे. विहीर, चूल, लग्नकार्य, सगळ्यांपासून मी तिला दूर ठेवले होते. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टर तिला तपासायला येत आणि ओटीवर तासन्‌तास तिच्याशी बोलत बसत.

सरकारने संशोधनाला दमडी दिली नाही, तेव्हा ते माझ्याकडे आले. "शेठ, फेफऱ्यावर काम करणाऱ्याला कुणी विचारत नाही. तुम्ही पुरस्कार ठेवा." सुवर्णपदकापासून घासाघीस करत मी त्यांना चांदीच्या वाटीवर आणले. अट एकच घातली, वाटी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरने माझ्या हातून घ्यायची. ते लगेच हो म्हणाले. सौदा इतक्या चटकन पटला, तिथेच गोम होती.

शाळेच्या पटांगणात अख्खे गाव जमले आणि डॉक्टरांनी नाव पुकारले ते शांताचे. ती नवे लुगडे नेसून तयारच होती.

"डॉक्टर, मुंबईचा माणूस ठरला होता," मी सर्वांसमक्ष म्हणालो.

"त्यांनी पुस्तकं वाचली, शेठ. फिट येण्याआधी करपल्या दुधाचा वास येतो, तेवढ्यात खाली बसता येतं, हे हिनं शोधलं. मग संशोधक कोण?"

मी वाटी पुढे केली. शांता हळूच म्हणाली, "दादा, दूध करपलं," आणि शांतपणे बसून आडवी झाली. पुढच्या अख्ख्या रांगेने पायातल्या चपला काढल्या. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवले आणि ते घड्याळ वर धरून उभे राहिले. सारे गाव हातात चप्पल घेऊन त्या घड्याळाकडे बघत राहिले. फिट गेली. थोड्या वेळाने शांता उठून बसली आणि इकडेतिकडे पाहत म्हणाली, "माझी वाटी कुठंय?"

तेव्हापासून ती घरात ठरत नाही. बालवाडीत शिकवते, एकटी बाजारात जाते. वास आला की रस्त्याच्या कडेला बसते आणि लोक थांबतात. पूर्वी माझी बहीण कुठल्या घटकेला कुठे आहे, हे मी डोळे मिटून सांगत असे. आता अंधारू लागले की गिऱ्हाईक तसेच सोडून दुकानाच्या पायरीवर येतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. डॉक्टर तर गेले. त्यांच्या खुर्चीत आता त्यांचा मुलगा बसतो. बाबा रे, तुझ्या बापाने माझ्या जिवाला हा घोर लावून ठेवला, याचा जाब तू तरी देणार की नाही?