लाल दिसलं की खरवडायचं

"चांगल्या मनानं केलं हो त्यानं," असं कुणी म्हटलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. चांगल्या मनानं केलेल्या एका कामानं माझा जेवढा सत्यानाश झाला, तेवढा एकाही दुष्ट माणसाला जमला नाही.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. जर्मनीत ब्राउनश्वाइगला इंजिनिअरिंगचा डिप्लोम पदरात पडला होता, नोकरी काही पडत नव्हती. शिकायला निघताना लग्नानंतर जेमतेम महिनाभर बायकोबरोबर राहिलो आणि बोटीत बसलो होतो. ती साताऱ्याला, माझ्या आईवडिलांकडे. तिला आणायचं तर कायमची नोकरी हवी आणि नवराबायकोला कुणी देईल अशी जागा हवी. एका बंदूकवाल्या माइस्टरनं, म्हणजे वर्कशॉपच्या मालकानं, दोन्ही कबूल केलं होतं: त्याच्या वर्कशॉपमध्ये काम, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. अट एकच, मी केलेला सांगाडा त्याच्या गिऱ्हाइकाला पटला पाहिजे.

हा सांगाडा रायफलीचा. लढाईतल्या जुन्या रायफली तेव्हा शिकारी आणि नेमबाज हौसेनं विकत घ्यायचे. लोखंड अस्सल, पण लाकडी दस्ता ओल्या हवेत फुगायचा आणि काल नेमकी लागणारी गोळी आज भलतीकडे जायची. मी म्हटलं, लाकडाच्या पोटात ॲल्युमिनियमचा सांगाडा घालू आणि रायफलीचं लोखंड त्यावर आवळू. मग लाकूड फुगो नाहीतर सुको, आपल्याला काय! माइस्टर खांदे उडवून म्हणाला, "आल्झो, बरं तर, दाखवा करून."

बसवायची रीत अशी. लोखंडाला तेलात कालवलेला लाल रंग फासायचा, ते सांगाड्यात दाबायचं आणि उचलायचं. सांगाड्यावर जिथे लाल उमटलं तिथे उंचवटा, तो धारदार पात्यानं खरवडायचा. परत रंग, परत खरवडणं, सगळं अंग सारखं टेकेपर्यंत. वर्कशॉपातल्या कारागिराला हे अंगवळणीच पडलं होतं. लाल दिसलं की त्याचा हात आपोआप पात्याकडे जायचा.

शनिवारी माझा सांगाडा असा बसला की मध्ये केस शिरेना. सगळा रंग पुसला, तेलाचा हात फिरवला आणि कडा घासायला खोलीवर आणला. सोमवारी सकाळी तो कारागिराच्या टेबलावर ठेवायचा, त्यानं दस्त्यात बसवायचा आणि दुपारी गिऱ्हाईक गोळ्या झाडून बघणार, असं ठरलं होतं. सोमवारी सकाळी मला परदेशी लोकांच्या कचेरीत राहण्याच्या परवान्यावरच्या शिक्क्यासाठी उभं राहायचं होतं, म्हणून ही सगळी व्यवस्था.

रविवारी खंडेनवमी होती. माझ्या खोलीत एक कोल्हापूरचा दोस्त राहायचा, केमिस्ट्रीत डॉक्टरेट करणारा आणि देवभोळा. मी कडा घासून, सांगाडा फडक्यात गुंडाळून बाहेर गेलो, तेवढ्यात साहेबांनी पूजा उरकली. परत आलो तर त्याच्या परीक्षानळ्या, माझा स्लाइडरूल, दाढीचं सामान, सगळ्यांना हळदकुंकू. मी हसलो. सांगाडा फडक्यात होता तसाच होता, तो कशाला सोडून बघू?

सोमवारी दुपारी वर्कशॉपमागच्या चांदमारीवर गिऱ्हाइकानं पहिल्या गोळ्या झाडल्या. एक इकडे, एक तिकडे, एक तर कागदाला शिवलीसुद्धा नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं रायफल ठेवली, हातमोजे घातले आणि चालता झाला. मी धावत जाऊन स्क्रू सोडले. गोळी सुटल्यावर लोखंड सांगाड्याच्या ज्या भिंतीवर मागे रेटतं, तीच भिंत ताजी खरवडलेली, लखलखत होती!

"इथे कुणी हात लावला?" मी ओरडलो.

"मी," कारागीर म्हणाला. "लाल होतं."

कोपऱ्यात जरासं लाल उरलं होतं. बोटावर घेऊन हुंगलं, तर हळदीचा वास. कुंकू! तेलात भिजून वर्कशॉपच्या रंगासारखंच झालेलं कुंकू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माइस्टरला सांगायला गेलो तर शब्द सापडेना, कुंकवाला जर्मनमध्ये म्हणायचं काय? "तो रंग नव्हता, देवाचं होतं," असं काहीतरी बोललो.

"माझ्याकडे लाल रंगाचा एकच अर्थ आहे," तो म्हणाला.

दुसरा सांगाडा करून देतो म्हटलं, मजुरीसुद्धा नको म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं नाही. लाकूडच बरं म्हणाला, आणि वरच्या खोल्या आता भाड्यानं लावतो म्हणाला. कसला हटवादी माणूस! आज आठवलं तरी हात शिवशिवतात.

खोलीवर येऊन मी दोस्ताचं बखोट धरलं. "अक्कल गहाण टाकली होतीस का रे गाढवा? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढं शिकवलं नाही का कुणी तुला?"

त्यानं हात सोडवून घेतला नाही. "अरे, वहिनी लवकर याव्यात म्हणून फडकं सोडून सगळ्यात आधी तुझ्या सांगाड्यालाच लावलं," तो म्हणाला. "इतरांपेक्षा जास्तच लावलं."

आता अशा माणसाला मारायचं तरी कसं? मारता आलं असतं तर बरं झालं असतं, राग तिथेच संपला असता. तो आतच राहिला आणि वर्षानुवर्षं मी ह्या गावातून त्या गावात फुटकळ कामं करत फिरलो. बायकोला माझा फोटोसुद्धा पाठवला नाही. धड नोकरी नसलेल्या माणसानं कसला फोटो काढायचा? तिकडे लोक तिला विचारायचे, टाकलं की काय तुला?

शेवटी एकदाची जागा मिळाली आणि ती आली. बोटीवरच्या एका कुटुंबानं तिला गाडीत बसवून दिलं होतं. मी प्लॅटफॉर्मवर उभा, डोक्यावर हॅट, डोळ्यांना जाड चष्मा, अंगानं चांगला सुटलेला. ती पेटी घेऊन उतरली, सगळीकडे बघितलं, मला बघून तिचा चेहरा उजळला. थेट माझ्याकडेच आली.

"अहो भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही मराठी दिसता. आमचे हे न्यायला येणार होते, तुम्हाला कुणी दिसलं का?"