तिसऱ्या मजल्यावरचं अर्थिंग

सवत म्हटली की लोकांना बाई आठवते. माझी सवत चार मजली आहे, दगडी आहे, आणि वयाने माझ्या आईपेक्षा मोठी आहे.

आमचे हे वायरमन. त्या इमारतीतली पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळेच ह्यांना फ्यूजकाका म्हणतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा हे तिथे एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली भिंतीवर वायरच्या लाकडी पट्ट्या ठोकत होते. मिस्त्री गेला, पट्ट्या राहिल्या आणि हेही राहिले. बाकीची कामं आली नि गेली, पण तिथून फोन आला की हे हातातला घास ताटात ठेवून उठणार. आमच्या बाथरूमचं बटण कित्येक महिने चिमटीत धरून ओढावं लागायचं. विचारलं की म्हणायचे, "बघतो गं रविवारी." आणि रविवारी हे कुठे? तर इमारतीच्या मागे, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला. चुकार विजेला जमिनीत उतरायला वाट लागते, खड्डा सुकला की ती वाट बंद होते, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. माझ्या कुंड्यांतली रोपं वाळून काड्या झाली, खड्ड्याची पाळी मात्र कधी चुकली नाही.

माणूस वाईट नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नवऱ्याच्या चहाड्या करायला बसली. व्यसन नाही, चढा आवाज नाही. सवयी मात्र सगळ्या धंद्याच्या. कशालाही आधी हाताची पाठ लावतात, मग तळवा. तळव्याने धरलं आणि आत वीज असली तर मूठ आवळते, सुटत नाही. पाठ लावली तर हात झटकन मागे येतो. मला ताप आला तरी कपाळाला उलटाच हात. नवीन नवरी होते तेव्हा वाटायचं, ह्यांना मी आवडले नाही की काय.

इमारत मी सोसलीही असती. पण तिच्या तिसऱ्या मजल्यावर टायपिंगबाई राहतात. पूर्वी घरातच टायपिंगचे वर्ग घ्यायच्या, आता एकट्याच असतात. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर ऐकलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. अख्खी इमारत ह्यांना काका म्हणते. ही एकटी म्हणते, "अहो, जरा येऊन जाता का?" अहो! अहो म्हणायला लग्न करावं लागतं, बाई. मी केलंय.

मध्यंतरी तिची एकच तक्रार होती. स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. हे जायचे, टेस्टर लावायचे, आणि "काही नाही" म्हणत परत यायचे. चार दिवसांनी पुन्हा फोन. नळात काही नाही तर झिणझिण्या कसल्या? मी काय दूधखुळी आहे? मग एकदम ती तक्रार बंद झाली. फोन बंद झाले नाहीत. कधी पंखा कुरकुरतो, कधी बटण खटखट करतं. म्हणजे नळ हे निमित्त होतं, हे माझ्या मनाने पक्कं केलं आणि मी आतल्या आत जळत राहिले.

त्यात चौथ्या मजल्यावर एका बटणातून धूर निघाला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ह्यांना बोलावलं. सगळी वायरिंग, सगळं अर्थिंग तपासून द्या म्हणाले. समाधान झालं तर काम तुमच्याकडेच, नाहीतर बाहेरची कंपनी आणू.  दोन दिवसांनी सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. माझे दोन्ही हात अडकलेले असतात, आकडे वाचायला माणूस हवा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ठेवणीतले कपडे घातले, वेणी दोनदा घातली. आकडे गेले खड्ड्यात, मला त्या बाईचं तोंड बघायचं होतं.

खड्ड्यापासूनच सुरुवात झाली. ह्यांनी तारा जोडल्या, मी मीटर वाचला. आकडा अगदी लहान आला. "ठणठणीत," हे म्हणाले आणि ह्यांनी खड्ड्याकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. मग एकेक घर. पट्ट्यांमधल्या जुन्या तारांवरचं रबर नख लावताच पापुद्र्यासारखं सुटत होतं. फ्यूजच्या जागी कोणी जाडजूड तार गुंडाळलेली, बोटांनी चाचपताच हे चिडायचे. कुठल्या कपाटामागे कुठला जोड आहे, ह्यांना तोंडपाठ. आमच्या लग्नाची तारीख विचारा बरं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. पांढरे केस, नीटनेटकी, माझ्याहून बारीक.  "या वहिनी," ती म्हणाली, "कधीपासून मी ह्यांना म्हणत होते, वहिनींना एकदा घेऊन या." म्हणत होती! मला कोणी सांगितलं नाही. घरातही तिच्या पायांत जाड रबरी चपला होत्या, आणि मोरीपाशी लाकडी फळी टाकलेली. फॅशन बघा, मी मनात म्हटलं.

हे सरळ नळाकडे गेले. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. ह्यांनी टेस्टरचं टोक नळाला टेकवलं, मागे अंगठा ठेवला. "बघ, काही नाही," मला म्हणाले. मी बघितलं. टेस्टरच्या पोटातला बारका दिवा नारिंगी दिसत होता.

"पेटलाय की," मी म्हटलं.

"कुठे?"

कुठे म्हणजे? दिवा ह्यांच्या नाकासमोर होता. हे डोळे बारीक करून टेस्टरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. ह्यांना दिसत नव्हतं. आकडे वाचायला माणूस हवा होता तो काही हात अडकले म्हणून नाही. गेले काही महिने ह्यांच्या हातून चहा कपाबाहेर ओतला जायचा त्याला मी वेंधळेपणा म्हणत होते.

पुढचं सगळं ह्यांनी हातांनी केलं. नळावर मीटर लावला, आकडा मी वाचला. तो लहान नव्हता. तिच्या गीझरमधून वीज आतल्या आत गळत होती, आणि त्याची अर्थिंगची तार खड्ड्यापर्यंत गेलेलीच नव्हती. जुन्या मिस्त्रीने ती लोखंडी पाण्याच्या पाइपाला बांधली होती, तेव्हा चालायचं तसं. खालच्या मजल्यावर प्लंबरने प्लास्टिकचा पाइप टाकला त्या दिवशी वाट तुटली. वीज नळात येऊन बसली होती, जायला जागाच नव्हती. ह्यांनी गीझरचं कनेक्शन तोडलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मला मात्र आता ती फळी दिसली. त्या चपलाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"दिवा मला दिसायचा," बाई तितक्याच हळू म्हणाली. "ह्यांना दिसत नाही, हे तिसऱ्या खेपेला कळलं. तक्रार केली असती तर कमिटीने दुसरा माणूस आणला असता. त्यानं लगेच शोधलं असतं. मग ह्यांचं काय? चपला घातल्या की भागत होतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. झिणझिण्यांचं निमित्त करणारी बाई मी सोसली असती. पण हिने झिणझिण्या खऱ्या खाल्ल्या होत्या, आणि त्याही माझ्या नवऱ्याची अब्रू झाकायला. मी एका ताटासमोर बसून जे पाहिलं नाही, ते हिने मोरीपाशी उभं राहून पाहिलं होतं. एवढा हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही.

जिन्यात सेक्रेटरी वर येताना भेटले. बाई आम्हाला पोचवायला दारात आल्या होत्या.

"काय काका, ठीक आहे ना सगळं?"

ह्यांचा हात खिशात गेला. बाईने तोंड उघडलं. ती काय म्हणणार हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, ती पुन्हा पांघरूण घालणार होती.

"काही ठीक नाही," मी म्हटलं. "हिच्या नळात वीज येते, अर्थिंग तुटलंय. बाकीच्या घरांतही पाइपाला बांधलेलं असेल, आजच बघून घ्या. आणि ह्यांना टेस्टरचा दिवा दिसत नाही. दुसरा माणूस बोलवा."

सेक्रेटरी ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी मान हलवली, खिशातून मीटरच्या खोलीची किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. इमारत गेली. वर्षानुवर्षं मी ज्या दिवसाची वाट बघत होते तो हाच, आणि मला ती किल्ली परत हिसकावून घ्यावीशी वाटली.

 रस्त्यात मी ह्यांची हत्यारांची पिशवी घेतली, कोपरही धरलं, त्यांनी झटकलं नाही. कोपऱ्यावर वळताना म्हणाले, "तिनं सांगितलं नसतं."

"नसतंच सांगितलं," मी म्हटलं. "आणि एक दिवस ओल्या पायांनी नळ सोडायला गेली असती आणि मेली असती. मग तुम्ही जन्मभर तिच्यासाठी रडला असतात. ते मी बघत बसायचं?"