कार्डावरचा शब्द

गुरुजींवर माझा राग आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आहे.

मूत्राशयाचं दुखणं असलेल्यांसाठी आम्ही पाच जणांनी दौंडला एक मंडळ काढलं होतं. गुरुजी अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. मी उपाध्यक्ष. एका दवाखान्यातल्या सिस्टर सचिव. एक रेल्वेतून निवृत्त झालेले मामा, ते फक्त मान हलवायचे. आणि पाचवी केडगावच्या पलीकडची, झेंडू-शेवंती करणारी एक बाई. सिस्टर सोडल्या तर आम्हा चौघांना तेच दुखणं. लघवीची पिशवी पेलाभर भरली की आग आणि कळ. तपासणीत काही सापडत नाही. आमच्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात आणि सब्जाचं पाणी देतात. ती बाई पहिल्याच बैठकीत म्हणाली, "सहा वर्सं सब्जा पितीया. माझी बारा म्हैनं उन्हाळीच हाय." आम्ही सगळे हसलो. या दुखण्यावर हसता येईल अशी दुसरी जागा आम्हाला नव्हती.

माझा धंदा रांजणगावच्या कारखान्यांतली जुनी मशिनं आणि भंगार उचलायचा. हातगाडीपासून सुरुवात केली, कुणाचा हात धरून वर आलो नाही. भाव ठरवताना मला दर वीस मिनिटांनी उठावं लागे. समोरच्याला वाटे, भाव पटला नाही म्हणून हा निघाला. मी मोरीतून परत येईपर्यंत तो आपण होऊन खाली उतरलेला असे. खरं कारण मी कधी कुणाला सांगितलं नाही. मंडळात सांगितलं तेव्हा त्या बाईनं पदर तोंडाला लावला. "आप्पा, तुमचं दुखणं कमावतं हाय की! आमचं नुसतं बसून खातंय."

कार्डाची कल्पना तिचीच. बसमध्ये कंडक्टरला तोंडानं सांगायची लाज वाटते, पुढं कार्ड धरलं की त्यानं गाडी थांबवावी. त्यावर काय लिहायचं हेही तिनंच सांगितलं. "लघवीला जायचंय, गाडी थांबवा. झालं. लई लिवू नका."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मंडळाच्या नावाखाली असला शब्द जाणार नाही." मग स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं : 'कार्डधारक मूत्राशयाच्या व्याधीने ग्रस्त असून संबंधितांनी यथोचित सहकार्य करावे.'

मी भडकलो. टेबलावर हात आपटला. "गुरुजी, हे कंडक्टरला दाखवायचंय का शाळा तपासणीला?"

"भाषेचा दर्जा सांभाळावा लागतो."

"इथं लघवी सांभाळता येत नाही आणि दर्जा कसला सांभाळताय?"

मामासुद्धा हसले. पण गुरुजी हटेनात, मीही हटेना. तासभर तसंच चाललं. शेवटी ज्या माणसानं आयुष्यात कधी धंदा केला नाही, त्यानं माझी नस बरोबर पकडली. शिरूरहून दौंडला येताना मला चार-पाच ठिकाणी जीप थांबवावी लागायची, आणि बैठक शिरूरला घ्या म्हणून मी कधीपासून मागे लागलो होतो. गुरुजी म्हणाले, "बरं. माझी मुलगी शिरूरलाच दिलेली आहे. यापुढं बैठका शिरूरला. मजकूर मात्र माझा."

मी श्वाससुद्धा घेतला नाही. "चालेल," म्हणालो.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. दौंडला ती रेल्वेनं यायची, डब्यात संडास असे; आता तिला शिरूरपर्यंत बसनं यावं लागणार होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. पण आलं होतं. कार्ड आहे की, असं मी मनाला सांगितलं.

शिरूरची पहिली बैठक भरली तेव्हा उसाचा हंगाम संपत आला होता. तिची वाट बघून आम्ही चहा मागवला. मी म्हणालो, "बायामाणसाचं असंच, घरातून पाय निघत नाही." ती आलीच नाही. वाटेत काय घडलं होतं ते सिस्टरांनी दोन दिवसांनी तिच्या घरी जाऊन विचारलं आणि मला सांगितलं.

पारगावचा पूल ओलांडल्यावर तिनं कार्ड काढलं. कंडक्टरनं ते उलटसुलट केलं. "ह्यो कसला पास? शिक्का कुठाय? सवलत अशी मिळत न्हाई बाई, फुल्ल तिकीट लागंल."

"तिकीट काढलंय." तिनं तिकीट दाखवलं.

"मग कारड कशाला दावता?"

मागच्यानं ते हातात घेऊन मोठ्यानं वाचलं. "मूत्राशय म्हंजी रं काय?"

"गोमूत्राचं असंल. औषिध इकत्यात बाई."

गाडी हसली. दोन बाकं मागं तिच्या भावकीतला माणूस बसला होता. तो एक शब्द तिला त्याच्यासमोर उच्चारता येईना. बाहेर पाहिलं तर ऊस तुटलेला, आडोशाला काही नाही. न्हावरा येईपर्यंत गाडी थांबवायची गरज उरली नव्हती.

न्हावऱ्याच्या फाट्यावर ती सगळ्यांच्या शेवटी उतरली. कमरेला शाल गुंडाळून उभी राहिली. परतीची गाडी आली, ती चढली नाही. चालत निघाली. किती चालली ते तिनं सिस्टरांनाही सांगितलं नाही. कार्ड मात्र परत पाठवलं.

गुरुजी म्हणाले, "कंडक्टर अडाणी." मी त्यांना नको नको ते बोललो आणि मंडळात जायचं सोडलं. पण त्या रस्त्यानं कामासाठी जावंच लागे. फाट्यावर कमरेला शाल बांधलेली बाई दिसायची. मी ब्रेक दाबायचो. कधी दुसरीच कुणी असायची, कधी कुणीच नसायचं. भरदुपारी, लख्ख उन्हात दिसायची.

तीनेक वर्षांनी मी माझ्या मनानं नवं कार्ड छापून घेतलं. ठळक अक्षरात तिचंच वाक्य. घेऊन तिच्या शेतावर गेलो. ती झेंडू तोडत होती. सरीच्या कडेला बसून, गुरुजींनी कसा घोळ घातला ते मी तिला सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ओले हात पदराला पुसून कार्ड घेतलं, वाचलं.

"गुरुजींचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आप्पा, तुम्ही भाव पटला न्हाई की उठून जाता ना?"

"व्हय."

"गुरुजींनी शिरूरचा भाव लावला, त्या दिशी बसून का ऱ्हायला?"

मला त्याच वेळी कळ आली होती. उठून बांधाकडे जायला हवं होतं. मी उठलो नाही. तिनं कार्ड माझ्या हातात परत दिलं आणि सरीत पुढं सरकली.