उत्क्रांतीच्या तासाला मी जे बोललो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं शाळेत डबा खाल्ला त्यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? — खरंच माहीत नाही.

शहाद्याजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. प्राण्यांचं वर्गीकरण हा माझा आवडता धडा. वटवाघूळ उडतं तरी पक्षी नाही, देवमासा पोहतो तरी मासा नाही — दोघांची पिल्लं आईचं दूध पितात, म्हणजे ते आपल्या नात्यातले. दिसण्यावर जाऊ नका, आतली हाडं बघा, वंश बघा, असं मी मुलांना सांगतो. चांगलं सांगतो. तोच तर त्रास आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. दहावीचा वर्ग मला जुमानत नव्हता. फळ्याकडे वळलो की मागून शिट्टी. त्याच वर्गात रुमली होती — सातपुड्यातल्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी पावरा आदिवासी मुलगी. मराठी अडखळत बोलायची, पण शंका विचारायची. वटवाघळाच्या पंखात बोटांची हाडं असतात हे कळल्यावर स्वतःचा हात पसरून ती कितीतरी वेळ बघत बसली होती.

त्या दिवशी उत्क्रांतीचा तास. फांद्या फुटलेलं झाड मी फळ्यावर काढलं. माकड आपला पूर्वज नाही, म्हणालो. त्याचा आणि आपला पूर्वज एक. आज जे जे जिवंत आहे ते सगळं तितकाच प्रवास करून आलंय, मागे राहिलेलं कुणी नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. बड्या घरचा, वर्ग त्याच्या इशाऱ्यावर चालायचा. "सर, मंग आपला वर्गमा कोनी अजून अर्धा रस्तामा शे का?"

बोलताना तो रुमलीकडे बघत होता. मग सगळेच बघायला लागले.

मी काय करायला हवं होतं? उत्तर तर माझ्या पाठीमागे फळ्यावरच होतं. पण वर्ग पहिल्यांदाच गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघत होता — आणि मी हसलो. म्हणालो, "त्यासाठी वर डोंगरात जाऊन बघावं लागेल."

हशा उसळला. बाकं बडवली गेली. आणि मला बरं वाटलं. त्या दिवसापासून वर्ग माझा झाला. शिट्टी बंद झाली.

रुमली रडली नाही. खाली मान घालून आकृती उतरवत राहिली. पुढे तिनं मला काही विचारलं नाही, आणि दिवाळीला घरी गेली ती परत आली नाही.

तिचे वडील दाखला न्यायला आले. व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, "सर, पोरगी काय बोलत नाय. शाळेत जायचं नाय, एवढंच बोलते. इथं कोणी काय बोललं का तिला?"

"नाही भाऊ," मी म्हणालो. "कुणीच काही बोललं नाही."

त्यांनी मान हलवली आणि गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा सांगितलं — गुजरातेत ऊसतोडीला गेले असतील, या लोकांच्या मुली टिकत नाहीत. त्यांना ते पटलं. का पटू नये? सगळे तेच म्हणत. वर्गातलं वाक्य तोंडातून निसटलं असं एखाद्या वेळी म्हणता येईल. पण ही दोन खोटी उत्तरं मी शांतपणे, विचार करून दिली.

यंदा नववीत एक मुलगी आली आहे. हुशार. वहीत सगळं बरोबर असतं, पण तोंड उघडत नाही. परवा मीच विचारलं — बाळा, अडलं तर विचारत का नाहीस?

ती सरळ म्हणाली, "रुमली आत्या बोलली, विज्ञानाच्या सरांना काय विचारायचं नाय."

आवाजात राग नव्हता. घरून सांगितलेलं ती पाळत होती. मी "बरं" म्हणालो आणि पुढच्या बाकाकडे वळलो.